बूट-रिपेअर : लिनक्स बसवल्यावर अडून बसलेल्या लॅपटॉपवर दोन रात्री वापरून

अक्षरजुळणीच्या व्यवसायात पंधरा वर्षांपूर्वीची फाइलही कधी पुन्हा उघडावी लागेल याचा नेम नसतो. लग्नपत्रिकांचे नमुने, दिवाळी अंकांची पाने, एका पतसंस्थेचे वार्षिक अहवाल असे बरेच काम माझ्याकडे श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत आणि पेजमेकरच्या फायलींत पडून आहे, आणि ते विंडोजशिवाय धड उघडत नाही. दुसरीकडे माझा लॅपटॉप २०१७ सालचा, सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. विंडोज ११च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि तिच्यापुढचेच प्रोसेसर बसतात. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर मी ठरवले की इंटरनेट, पत्रव्यवहार आणि बँकेचे व्यवहार लिनक्स मिंट या मोफत संगणक-प्रणालीवर न्यावेत आणि जुन्या फायलींपुरते विंडोज त्याच यंत्रात शेजारी ठेवावे. बेत चांगला होता. मिंट बसवून झाल्यावर मात्र काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ ही एकच ओळ उमटली आणि यंत्र तिथेच थांबले.

या परीक्षणाचा विषय आहे त्यातून मला बाहेर काढणारे ‘बूट-रिपेअर’ हे मोफत, मुक्त स्रोत साधन. ते कुठे उपयोगी पडले, कुठे अडले आणि कोणत्या दुखण्यावर त्याचा काही उपयोग नाही, हे सविस्तर लिहीत आहे. कारण ‘बूट-रिपेअर चालवा, होईल’ एवढ्याच सल्ल्यावर मी पहिली रात्र वाया घालवली.

आधी चूक सांगितली पाहिजे, कारण ती माझीच होती. लिनक्स बसवण्याचा एक जुना व्हिडिओ पाहून मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट मोड ‘यूईएफआय’वरून ‘लेगसी’ केला. व्हिडिओ तयार झाला तेव्हा काही यंत्रांवर तसे करणे सोयीचे असेलही, पण माझ्या यंत्रावरचे विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेले होते. या दोन पद्धतींत यंत्र सुरू होण्याचा मार्गच वेगळा आहे. लेगसी पद्धतीत यंत्र डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात पाहते. त्यातल्या ४४६ बाइटांत सुरुवातीची आज्ञावली असते आणि ती पुढचा भाग शोधून काढते. यूईएफआय पद्धतीत त्या पहिल्या तुकड्याला विचारत नाहीत. डिस्कवर एक छोटा, फॅट ३२ प्रकारचा ‘ईएफआय’ विभाग असतो, त्यात प्रत्येक प्रणालीचा फोल्डर आणि फोल्डरात तिची सुरुवात करून देणारी फाइल असते, आणि यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत ‘अमुक नावासाठी तमुक फाइल’ अशा नोंदींची यादी असते.

लेगसी मोडमध्ये पेनड्राइव्हवरून सुरू झालेले मिंट साहजिकच लेगसी पद्धतीचे ग्रब, म्हणजे यंत्र सुरू होताच लिनक्स किंवा विंडोज सुरू करून देणारी आज्ञावली, बसवू लागले. माझी डिस्क मात्र जीपीटी या, विभाग आखण्याच्या नव्या पद्धतीने आखलेली. अशा डिस्कवर लेगसी ग्रबला स्वतःचा उरलेला भाग ठेवण्यासाठी एक लहानसा ‘बायोस बूट’ विभाग लागतो. साधारण १ एमबीचा पुरतो. तो नव्हता. इन्स्टॉलरने शेवटच्या टप्प्यावर ग्रब बसले नाही, ही गंभीर चूक आहे, असे एका चौकटीत स्पष्ट सांगितले होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, प्रगतीची पट्टी टोकाला पोचली होती, आणि मी ती चौकट बंद केली. इन्स्टॉलरने आपले काम चोख केले होते, वाचायचे काम माझ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने पडद्यावरची ओळ पाहिली न पाहिली आणि म्हणाला, “काका, लिनक्स टाकलंत ना? आता सगळं फॉरमॅटच करावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही.” त्याने डिस्क उघडून पाहिली नव्हती, बूट मोड कोणता आहे हेही विचारले नव्हते. मी लॅपटॉप उचलून परत आणला. घरी येऊन बूट मोड पुन्हा यूईएफआय केला, तर विंडोज जणू काही घडलेच नाही असे उघडले, कारण त्याच्या फायली आणि त्याची नोंद जागच्या जागी होत्या. मिंटही डिस्कवर पूर्ण बसलेले होते. फक्त त्याच्यापर्यंत यंत्राला नेणारे कोणी नव्हते. ज्यांचे यंत्र लिनक्स बसवल्यावर सुरू होत नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांची स्थिती हीच असते, म्हणून फॉरमॅटला हो म्हणण्याआधी एकदा मोड बदलून पाहावा.

आता साधनाकडे येतो. बूट-रिपेअर मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र (डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारे मिंट) सुरू केले की बूट-रिपेअर मेनूत ‘अॅडमिनिस्ट्रेशन’खाली आयतेच असते, उबंटूच्या लाइव्ह सत्रात त्याचे वेगळे सॉफ्टवेअर-भांडार जोडून ते बसवावे लागते, आणि ज्यांच्या हाताशी यांतले काहीच नाही त्यांच्यासाठी ‘बूट-रिपेअर-डिस्क’ या नावाची स्वतंत्र आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायची फाइल, आहे. मी पहिला मार्ग घेतला, कारण पेनड्राइव्ह समोर होताच. इंटरनेट जोडलेले असावे लागते. माझ्याकडे मोबाइलचा हॉटस्पॉट होता आणि तो पुरला.

पहिल्या रात्री मी घाईत लाइव्ह सत्र पुन्हा लेगसी मोडमध्येच सुरू केले होते. दुकानात जाण्याआधीची ही गोष्ट. बूट-रिपेअरने डिस्क तपासली आणि थेट सांगितले की चालू सत्र लेगसी आहे, यंत्र ईएफआय मोडमध्ये सुरू करून पुन्हा यावे. मी चिडलो. दुरुस्तीचे साधन दुरुस्ती करत नाही आणि मलाच कामाला लावते, अशी माझी त्या वेळची भावना होती. आज तीच गोष्ट मला या साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. लेगसी सत्रातून यूईएफआयच्या नोंदी लिहिता येत नाहीत, कारण यंत्राच्या स्मृतीतल्या त्या यादीपर्यंत पोचण्याची वाटच अशा सत्राला मिळत नाही. तरीही काहीतरी खटपट करून ‘झाले’ म्हणणारे साधन अधिक नुकसान करते.

दुसऱ्या रात्री मोड यूईएफआय करून लाइव्ह सत्र सुरू केले आणि बूट-रिपेअर उघडले. थोड्या तपासणीनंतर समोर मोजकी बटणे येतात. सर्वांत ठळक असते ‘शिफारस केलेली दुरुस्ती’, आणि त्याखाली फक्त अहवाल तयार करण्याचे दुसरे बटण. माझी विनंती अशी की आधी दुसरे बटण दाबावे. त्यातून जो लांबलचक मजकूर निघतो तो प्रथमदर्शनी घाबरवतो, पण त्यातल्या तीन-चार ओळींपुरते वाचायला शिकणे अवघड नाही. कोणत्या डिस्कच्या पहिल्या तुकड्यात काय आहे, प्रत्येक विभागावर कोणती प्रणाली आणि कोणत्या बूट फायली सापडल्या, आणि अगदी शेवटी ‘शिफारस केलेली दुरुस्ती नेमके काय करील’ हे त्यात दिलेले असते. माझ्या अहवालात ईएफआय विभागात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर दिसत होता, लिनक्सचा फोल्डर नव्हता, आणि मिंटच्या विभागात ग्रबची फक्त लेगसी आवृत्ती बसलेली होती. चार दिवसांचे कोडे त्या तीन नोंदींत सुटले होते.

अहवाल इंटरनेटवर चढवायचा का, असे साधन विचारते. त्यात कागदपत्रे जात नाहीत, पण विभागांची नावे, आकार आणि ओळख क्रमांक जातात, आणि तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला सारे वाचता येते. एखाद्या जाणकाराला दाखवायचा असेल तर चढवावा, एरवी तिथल्या तिथे वाचून घेणे पुरेसे आहे.

मग शिफारस केलेली दुरुस्ती सुरू केली. इथे एक टप्पा असा आहे की जिथे सर्वसामान्य माणूस हमखास गोंधळतो. बूट-रिपेअर एका चौकटीत टर्मिनलसाठीच्या, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीसाठीच्या, लांब आज्ञा देते आणि त्या एकामागून एक नकलून टर्मिनलमध्ये चिकटवायला सांगते. पहिल्या आज्ञांनी जुने लेगसी ग्रब काढले जाते, पुढच्यांनी ईएफआयचे, सिक्युअर बूटसाठी (सही नसलेली आज्ञावली सुरू होऊ न देणारी यंत्राची सोय) सही केलेले ग्रब आणि शिम (ग्रबला सुरू करून देणारी छोटी आज्ञावली) उतरवून बसवले जाते. मधेच टर्मिनलमध्ये एक निळसर पाटी येते आणि ग्रब खरोखर काढायचे का असे विचारते. तिथे माउस चालत नाही. टॅब दाबून ‘येस’वर जायचे आणि एंटर दाबायचे. मी पाच मिनिटे माउसने त्या पाटीवर टिचक्या मारत होतो. एवढी सोय असलेल्या साधनात हा भाग असा उघडाबोडका का ठेवला असावा, हे मला पटलेले नाही. बटण दाबून सर्व होईल अशा अपेक्षेने येणारा माणूस टर्मिनल पाहून इथेच सोडून देईल, आणि जुने ग्रब काढून झाले असताना, नवे बसण्याआधी सोडून दिले तर आधीपेक्षा वाईट अवस्थेत राहील.

हॉटस्पॉटवर सारे मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागली. शेवटी दुरुस्ती यशस्वी झाल्याचा संदेश आला आणि त्याखाली एक ओळ होती, जी मी या खेपेला वाचली: यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन अमुक फाइलवरून सुरुवात होईल असे पाहावे, आणि त्या फाइलचा मार्ग. तो मार्ग मी वहीत उतरवून घेतला. ईएफआय फोल्डरात ‘उबंटू’ फोल्डर आणि त्यात ‘शिमएक्स६४’ ही फाइल. मिंट बसवले असूनही फोल्डराचे नाव उबंटू असते, कारण मिंटची मुख्य आवृत्ती उबंटूवर बेतलेली आहे आणि हे नाव तिने तसेच ठेवले आहे. ‘मिंट’ नावाचा फोल्डर शोधत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यंत्र पुन्हा सुरू केले आणि विंडोज उघडले.

या ठिकाणी साधनाला दोष देणे सोपे होते, पण लाइव्ह सत्रात परत जाऊन पाहिले तर नवा फोल्डर, फाइल आणि नोंद असे सर्व काही जागेवर होते. अडत होते ते लॅपटॉपच्या फर्मवेअरपाशी, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ आज्ञावलीपाशी. काही कंपन्यांची यंत्रे लिनक्सने लिहिलेली नोंद स्वीकारतात पण पुढच्या वेळी विंडोजची नोंद पुन्हा वर आणतात. काही यंत्रे तर ठरावीक मार्गावरची फाइल सोडून दुसरीकडे पाहतच नाहीत. माझ्या यंत्राचा तोडगा त्याच्या सेटिंगमध्येच दडलेला होता, पण कुलूपबंद. ‘सिक्युरिटी’ पानावर ‘यूईएफआय फाइल विश्वसनीय म्हणून निवडा’ अशा अर्थाची एक ओळ होती आणि ती राखाडी, निष्क्रिय होती. त्याच पानावर ‘सुपरवायझर पासवर्ड’ ठेवल्यावर ती ओळ जिवंत झाली. तिथून डिस्क, मग ईएफआय, मग उबंटू, मग वहीतली फाइल अशी पायरी-पायरीने निवड केली, तिला एक नाव दिले, जतन केले, आणि बूटच्या क्रमवारीत ते नाव सर्वांत वर नेले. त्यानंतर ग्रबचा मेनू आला. मिंट पहिल्या ओळीवर, विंडोज खाली.

ज्यांच्या यंत्रात अशी सोय नाही त्यांच्यासाठी बूट-रिपेअरच्या प्रगत पर्यायांत, ग्रबच्या जागेविषयीच्या पानावर, प्रमाणित ईएफआय फाइल वापरण्याचा पर्याय आहे. त्याने ‘बूट’ नावाच्या सर्वसाधारण फोल्डरात ‘बूटएक्स६४’ या नावाने फाइल ठेवली जाते. यूईएफआयच्या नियमांत हा पर्यायी मार्ग ठरवून दिलेला आहे आणि यादीतल्या नोंदी न मानणारी यंत्रेही बहुधा तिथे पाहतात. मला त्याची गरज पडली नाही. मात्र याच पानांवर विंडोजच्या ईएफआय फायलींचे नाव बदलण्याचा पर्यायही असतो, आणि तो पूर्ण समजल्याशिवाय कोणीही वापरू नये; विंडोजच्या पुढच्या अद्ययावतीत तो अंगाशी येऊ शकतो.

हे साधन कशावर चालत नाही, हेही परीक्षणात यायला हवे. ग्रबचा मेनू दिसतो, मिंट निवडले जाते आणि त्यानंतर पडदा काळा होतो, असे होत असेल तर दुखणे बूटचे नसून बहुतेक वेळा ग्राफिक्सचे असते. त्यावर बूट-रिपेअर दहा वेळा चालवूनही फरक पडणार नाही. मेनूतल्या ओळीवर ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहून एफ१० दाबावे, आणि आत शिरल्यावर योग्य ड्रायव्हर बसवावा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर यंत्राच्या सेटिंगमध्ये स्टोरेजचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) इंटेलच्या आरएसटीवर असण्याची शक्यता असते. तो एएचसीआय करावा लागतो, पण विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगून मगच, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर अडते. विंडोजच्या स्वतःच्या सुरुवातीच्या फायली बिघडल्या असतील तर त्यासाठी विंडोजचेच दुरुस्तीचे माध्यम हवे. आणि ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अद्ययावतीनंतर अनेकांच्या, विंडोज आणि लिनक्स शेजारी असलेल्या यंत्रांवर ‘एसबीएटी’ तपासणी (जुनी, असुरक्षित बूट आज्ञावली अडवणारी) फसल्याचा संदेश येऊ लागला होता, तसा प्रकार असेल तर जुना लाइव्ह पेनड्राइव्हच सुरू होत नाही. आधी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरावे लागते.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायचा आहे. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सांकेतिकीकरणाच्या सोयीने कुलूपबंद असेल, आणि नव्या लॅपटॉपवर ती मालकाच्या नकळतही तशी असू शकते, तर सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते. फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावण्याआधी ती किल्ली कागदावर असावी. माझे विंडोज जुने, कुलपाविना होते, हे केवळ नशीब.

पर्यायांविषयी थोडेसे. ‘सुपर ग्रब२ डिस्क’ हे दुसरे मोफत साधन डिस्कवर काहीही न लिहिता, सापडलेल्या प्रणाली एकदा सुरू करून देते. ज्यांना आज रात्रीच आपल्या लिनक्समधली फाइल हवी आहे आणि दुरुस्ती रविवारी करायची आहे, त्यांनी ते वापरावे. लाइव्ह सत्रातून हाताने विभाग जोडून, आत शिरून, ग्रब पुन्हा बसवण्याची जुनी पद्धत ज्यांना येते त्यांना बूट-रिपेअरची गरज नाही. खरे तर ते हेच काम करते, फक्त विभाग ओळखण्याची आणि आज्ञा जुळवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेते. माझ्यासारख्या, अक्षरे जुळवणाऱ्या पण आज्ञा न जुळवणाऱ्या माणसाला ती मदत मोलाची वाटली.

पाचपैकी चार गुण. अर्धा गुण टर्मिनलच्या त्या टप्प्यासाठी कापला. उरलेला अर्धा यासाठी की, फर्मवेअरची नोंद टिकेल की नाही याची शंका साधनाला आहे हे शेवटच्या संदेशातून दिसते, पण ती एका ओळीत, यशाच्या बातमीखाली दडून येते. तिला वेगळी चौकट हवी होती. निदानाच्या कामाला मात्र मी पूर्ण गुण देईन.

पतसंस्थेचा जुना अहवाल त्या रात्री एक वाजता विंडोजमध्ये उघडून पाहिला, श्रीलिपीची सारी जोडाक्षरे जागेवर होती. मिंटचा पेनड्राइव्ह पुसलेला नाही. तो टेबलाच्या खणात आहे, आणि त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिले आहे : ‘यूईएफआयमध्येच सुरू करणे. सुपरवायझर पासवर्ड निळ्या वहीत.’